सुलभाच्या डब्यावरची वेल

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला कुणी तसलं काही सुरू केलं की मी चहा आणायला उठायचो. तरी हे लिहितोय, कारण वय एक्याऐंशी झालंय आणि एक खोटं बोललोय... ते जाण्याआधी सांगून टाकायचंय.

कॅनडातलं रेजिना, २००८ ची दिवाळी. मी धातुकामातला इंजिनिअर, नुकताच रिटायर झालेला. छंद एकच — जुन्या रिव्हॉल्व्हरवरचं नक्षीकाम. पुस्तकं होती, भिंगं होती. स्वतःचं नक्षीदार रिव्हॉल्व्हर मात्र कधी घेता आलं नव्हतं.

शेजारी वॉल्टर आणि डोरथी राहायचे. माझी बायको सुलभा दर दिवाळीला त्यांना चिवडा पाठवायची, तिच्या लग्नातल्या स्टीलच्या डब्यातून. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं — ‘चि. सौ. कां. सुलभा हिला मामांकडून’. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तिने वॉल्टरला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, आणि तो ते काटेकोर पाळायचा. कधी बेरीचा जॅम, कधी बागेतले बटाटे. त्या वर्षी झाकण उघडलं तर आत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर!

सुलभा म्हणाली, “अहो, चिवडा फार तिखट झाला होता का?”

ते वॉल्टरच्या आजोबांचं होतं. इतकं जुनं की कायद्याने अँटिक, लायसन्सही नको. अंगभर वेल आणि पानं. मागोमाग वॉल्टरही आला. नक्षी फॅक्टरीत झाली की नंतर कुणा गावच्या सोनाराने केली, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. फॅक्टरीची असेल तर किंमत कितीतरी पट.

ओळखायची खूण सोपी आहे. फॅक्टरीत आधी कोरतात, मग निकेलचा मुलामा देतात. त्यामुळे रेघांच्या कडा मऊ दिसतात. नंतर कोरलं तर मुलामा चिरला जातो, कडा धारदार राहतात. इथे कडा लोण्यासारख्या होत्या. मुठीखाली नक्षीकामाचा फॅक्टरीचा शिक्काही होता. दोन मिनिटांत कळलं. पुढची वीस मिनिटं मी नुसता बघत बसलो, कारण खाली ठेववेना.

आणि म्हणालो, “नंतरचं काम आहे, वॉल्टर. फारसं काही नाही.”

माझं नाव वसंत, पण त्याच्यासाठी मी कायम व्हिन्स. तो हसला. “देन यू कीप इट, व्हिन्स. डबा रिकामा द्यायचा नाही, राइट?”

मी ठेवून घेतलं.

फेब्रुवारीत वॉल्टर झोपेतच गेला. आठवड्याभराने सुलभाने विचारलं, “पॉटलकच्या जेवणातून कुणाचा डबा उचलून आणलात?” बघितलं तर नाव आमचंच, पण ‘मामांकडून’च्या शेजारी एक पान. पुढच्या आठवड्यात दोन. मग वेल ‘चि. सौ. कां.’ला वळसा घालून निघाली. तीच पानं, मागे तेच बारीक ठिपके... वॉल्टरच्या रिव्हॉल्व्हरवरचे.

सुलभाला वाटलं, मीच बेसमेंटमध्ये बसून कोरतोय. वेळ जात नसेल तर ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करा, माझ्या मामांच्या डब्यावर हात चालवू नका, म्हणाली. डबा तिने कपाटात साड्यांखाली ठेवला आणि किल्ली कमरेला. रविवारी कपाट उघडलं — आणखी तीन पानं.

मग मी भिंग घेतलं. कडा मऊ होत्या. पॉलिश नक्षीच्या वरून झालेलं होतं. आणि मामांची अक्षरं पानांना छेदून गेली होती, म्हणजे पानं आधी, नाव नंतर. आमच्या लग्नाच्या वेळी नागपुरात दुकानदाराने नाव घातलं, तेव्हा ही पानं तिथे असायलाच हवी होती.

“फॅक्टरीचं काम आहे,” मी म्हणालो. आणि मी सुलभाला सगळं सांगून टाकलं.

तिने ऐकून घेतलं. रिव्हॉल्व्हर डब्यात ठेवलं, झाकण लावलं, माझ्या हातात दिलं. “बूट घाला.”

डोरथीला स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सांगितलं. तिने ड्रॉवरमधून एक कागद काढला. फॅक्टरीचं पत्र, कित्येक वर्षांपूर्वी मागवलेलं. नक्षी त्यांचीच, असं स्पष्ट लिहिलेलं.

“वॉल्टरला ठाऊक होतं, व्हिन्स. त्याला फक्त कुणाला तरी दाखवायचं होतं. घरी येऊन म्हणाला, व्हिन्सने वीस मिनिटं बघितलं. आमच्या मुलांनी सगळ्यांनी मिळून इतकं बघितलं नसेल.”

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. रिव्हॉल्व्हर तिने नातीसाठी ठेवून घेतलं. डबा धुतला, पुसला, बटर टार्ट्स भरून परत दिला.

त्यानंतर एकही नवं पान आलं नाही. आहेत ती मात्र गेलेली नाहीत. मंडळाच्या गणपतीत लोक कौतुकाने विचारतात, ही नक्षी कुठली? मी खरं तेच सांगतो, फॅक्टरीची. आणि सुलभा सगळ्यांसमोर म्हणते, “यांचं मत धरू नका. वॉल्टरलाही यांनी मत दिलं होतं.”

माझ्याकडे डबा आहे, भिंग आहे. कुणीही येऊन बघावं. रिकाम्या हाताने परत पाठवणार नाही.