नाशाचा पुत्र आणि वन्संचं मीठ

वन्सं गेल्याची बातमी मला यशवंतनं फोनवर दिली. मी भूमच्या घरी मेथी निवडत बसले होते. "काकू, बाई गेल्या... झोपेतच," तो म्हणाला. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, तुमची आत्याआजी. भूमजवळच्या वाशीच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. आदल्या दिवशी आमटीत मीठ कमी असल्याची तक्रार करून, भरल्या आयुष्यानं गेल्या. त्यामुळं हे लिहिताना मन शांत आहे. पण ती बातमी यशवंतनंच द्यावी, याचं समाधान का वाटलं ते तुम्हा नातवंडांना सांगायला हवं. मागं धाकटीनं विचारलं होतं ना, आजी, 'नाशाचा पुत्र' म्हणजे कोण? त्याचं उत्तरही यातच आहे.

बायबलात हे नाव दोघांना आहे. एक येशूच्या पंगतीत जेवून त्यालाच धरून देणारा यहूदा, दुसरा शेवटच्या काळात देवळात बसून स्वतःला देव म्हणवणारा पुरुष. मी इंग्रजीतली जाड भाष्यं वाचलेली. त्यांचं म्हणणं, त्या जुन्या बोलीत अमक्याचा पुत्र म्हणजे त्या गोष्टीशी बांधला गेलेला माणूस. हा नाश घडवतो आणि नाशाकडेच जातो. वन्संना ते पटे, पण त्या पुढं म्हणत, "दोघं बसलेत कुठं ते बघ, सुनंदा. एक पंगतीत, दुसरा देवळात. बाहेरचा कुणीच न्हाय."

यशवंत त्यांचा लाडका विद्यार्थी. पेटी वाजवायला त्यांनीच शिकवलं. वाशीत एक उपदेशक आला, जगाचा शेवट जवळ आल्याचं सांगू लागला, आणि यशवंत अर्धी मंडळी घेऊन त्याच्यामागं गेला. जाताना चर्चची पेटीही नेली. ते आम्हाला नाशाचे पुत्र म्हणत, आमचे लोक त्यांना. मग उपदेशक एके दिवशी निघून गेला, जग होतं तिथंच राहिलं. बाकीचे हळूहळू परतले. यशवंत मात्र बाजारातही दिसेना. कुणीतरी त्याच्या दारावर खडूनं ते नाव लिहून ठेवलं होतं. वन्संनी ते स्वतःच्या पदरानं पुसलं आणि बंद दाराला सांगून आल्या, "पेटी न्हाय आणली तरी चालंल. ईस्टरला भूक घेऊन ये."

डोळे मिटायच्या आत तो पंगतीला बसलेला बघायचा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. मला भीती, तो येणार नाही. दुसरी भीती, आला तर लोक उठतील.

तो आला. पेटी सायकलला बांधून. चर्चच्या अंगणात प्रीतिभोजनाची पंगत बसली होती. तो शेवटच्या पानावर बसला, तसे शेजारचे शमुवेलमामा पत्रावळ घेऊन सरकले. आमच्याकडं पानात पहिलं मीठ पडतं आणि ते वाढायचा मान वन्संचा. त्या पितळी वाटी घेऊन सगळी पंगत ओलांडून आधी त्याच्याकडंच गेल्या.

"बाई, यहूदालाबी मीठ?" मामा म्हणाले.

"येशूनं त्याला पानावरनं उठवलं व्हतं का?" वन्सं म्हणाल्या. "मी कोण लागून गेले?" मीठ वाढलं आणि मामांनी सोडलेल्या जागेत स्वतःच मांडी घातली. "आता ज्याला सरकायचंय त्यानं माझ्यापासनं सरकावं."

कुणी सरकलं नाही. उरलेलं मीठ मी वाढलं. जेवणं झाल्यावर यशवंतनं पेटी उघडली... भात्यात धूळ होती, पहिला सूर शिंकल्यासारखा आला. सगळ्यांत आधी मामाच हसले.

त्यानंतर कित्येक वर्षं तो वन्संची औषधं आणत होता, त्यांची बोलणी खात होता. शेवटच्या सकाळी चहा घेऊन तोच गेला होता.

यंदाच्या ईस्टरला पंगत बसली आणि ती वाटी टेबलावर तशीच राहिली. मानाची गोष्ट, हात कुणी लावायचा? शेवटी शमुवेलमामा काठी टेकत उठले आणि त्यांनी ती यशवंतच्या हातात दिली. तो शेवटच्या पानापासून सुरू झाला. चिमटी भरभरून घेत होता, त्यामुळं सगळ्यांच्याच पानात मीठ थोडं जास्त पडलं.

वन्संची तक्रार नसती.