तुतीखालचं तोंड

एल्डन माइंट्सच्या तोंडून जमिनीचा भाव कधी कुणी ऐकला नाही. पावसापाण्यावर तो तासभर बोलेल, मक्याच्या ओलाव्यावर बोलेल, चर्चच्या गळक्या छपरावर तर थांबायचं नाव घेणार नाही. पण कुणाचं शेत कितीला गेलं हा विषय निघाला, की कॉफीचा कप उचलून तो खिडकीशी जाऊन उभा राहायचा. आमच्या काउंटीत याला सभ्यपणा म्हणतात. दुसऱ्याच्या बायकोचं वय आणि दुसऱ्याच्या जमिनीची किंमत विचारायची नाही, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. विचारत कुणीच नाही, आणि ठाऊक सगळ्यांना सगळं असतं.

एल्डनची स्वतःची जमीन होती, वडिलांकडून आलेली, रस्त्याच्या वरच्या अंगाला. पण त्याचा जीव अडकला होता खालच्या अंगाच्या ऐंशी एकरांत, आणि ते त्याचे नव्हते. विल्मा हार्म्स नावाच्या विधवेचे होते. तिचा नवरा वारला त्या वर्षी एल्डनने ते खंडाने कसायला घेतले. तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. कागदबिगद काही झाला नाही. विल्माच्या स्वयंपाकघरात दोघांनी हात मिळवले, बस्स. पुढे दर डिसेंबरात तो खंड द्यायला जायचा, ती बशीत आल्याची बिस्किटं ठेवायची, हवेपाण्याच्या गप्पा व्हायच्या, आणि त्यातच पुढचं वर्ष ठरून जायचं.

जमीन तेव्हा अगदी चिबड होती. खालच्या कोपऱ्यात जूनपर्यंत बदकं पोहायची. एका वर्षी सोयाबीन निघाल्यावर एल्डनने पदरच्या पैशाने जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घालायला काढल्या. दुसऱ्याच्या शेतात स्वतःचा पैसा पुरतोय म्हणून लोक हसले. हसला नाही तो एकटा लायल उब्बेन, ओढ्यापलीकडचा शेजारी. तो आपलं खोदायचं यंत्र घेऊन आला आणि दोघं गुडघाभर चिखलात उभे राहून राबले. सगळ्या नळ्यांचं पाणी जिथून ओढ्यात पडायचं, ते तोंड नकाशातल्या जागी बसेना, मध्ये भलामोठा धोंडा लागला. मग त्यांनी ते थोडं बाजूला, तुतीच्या झाडाखाली काढलं. नकाशा कुणी दुरुस्त केला नाही. तोंड कुठं आहे ते एल्डनला ठाऊक होतं, लायलला ठाऊक होतं आणि विल्माला सांगितलेलं होतं. आणखी कुणाला ठाऊक असायची गरजच काय?

त्यानंतर ते शेत असं पिकायला लागलं, की रस्त्याने जाणारे गाडी हळू करायचे. एल्डनने त्याला शेणखत घातलं, चुना घातला, उतारावर गवताचे पट्टे राखले. त्याच्या दोन मुली लग्न होऊन शहरात गेल्या होत्या. फोनवर त्या चिडवायच्या, "बाबा, आधी खालच्या शेताची खुशाली सांगून टाक, मग आमची विचार."

विल्मा नव्वदी ओलांडून वारली. तिची मुलं दूर वाळवंटाकडच्या शहरांत राहणारी, माणसं भली. त्यांनी एल्डनचा हात हातात घेऊन सांगितलं, की तुम्हीच ही जमीन घ्यावी अशी आमची फार इच्छा आहे. आणि लिलाव पुकारला. लिलावाच्या पत्रकात छापलं होतं: उत्तम निचरा, भरपूर उतारा, काउंटीतल्या पहिल्या प्रतीच्या जमिनींपैकी एक. ते सारं एल्डनने केलेलं होतं, आणि आता तेच त्याच्या अंगावर येणार होतं. चिबडच ठेवली असती तर सहज घेता आली असती. हे त्याला रात्रंदिवस टोचत होतं, पण बोलणार कुणाशी?

बायकोशी, आर्डिसशी, बोलला. वरची जमीन गहाण टाकायची, एकराला तेरा हजार डॉलरांपर्यंत जायचं, पुढे नाही, असं दोघांनी ठरवलं. आर्डिस म्हणाली, "त्याच्या पुढे गेलास तर येताना माझ्यासाठी भाड्याची खोलीही बघून ये."

तरी एल्डनला आशा होती, आणि तिला कारण होतं. आमच्याकडे कसणारा माणूस बोलीला उभा राहिला, की शेजारी त्याच्यावर बोली चढवत नाही. लिलावाला सगळे येतात, कॉफी पितात, हात खिशात ठेवून बसतात. लायलने उत्तरेकडचं शेत घेतलं ते असंच. तेव्हा एल्डनलाही ते हवं होतं, जीव तुटेपर्यंत हवं होतं. पण तो हात मांडीखाली दाबून बसून राहिला होता.

नोव्हेंबरात माजी सैनिकांच्या हॉलमध्ये लिलाव झाला. दालचिनीचे रोल होते, कॉफी नेहमीसारखी पाणचट होती. लायल येऊन एल्डनच्या शेजारी बसला. ट्रेव्हर कुठं दिसत नाही, असं एल्डनने विचारलं. ट्रेव्हर म्हणजे लायलचा मुलगा, दोन लेकरांचा बाप, स्वतःच्या शेतासाठी आसुसलेला. त्याच्या अंगात ताप आहे, असं लायल म्हणाला.

एल्डनने पहिली बोली लावली. बसलेल्यांपैकी एकाचाही हात हलला नाही, आणि एल्डनला भरून आलं. तेवढ्यात भिंतीकडच्या टेबलाशी फोन कानाला लावून, पलीकडच्या गिऱ्हाइकासाठी बोली लावायला बसलेल्या मुलीने बोट वर केलं.

मग बोली चढत गेली. एल्डन, फोन, एल्डन, फोन. मागून कुणीतरी फोनवाल्याला शिवी घातली. "बाहेरचे पैसेवाले असणार," लायल पुटपुटला. "त्यांना माती आणि भुसा सारखाच."

एल्डन बारा हजार आठशेवर पोचला तेव्हा फोन थबकला. ती मुलगी उठून लिलाववाल्याच्या कानाशी लागली. त्याने समोरचा नकाशा उलटसुलट केला आणि माइकवरून विचारलं, "फोनवर विचारतायत, तुतीखालचं तोंड आपल्या हद्दीत येतं की पलीकडच्या? माझ्या नकाशात तर तुती दिसत नाही. कुणाला माहीत आहे का?"

"हद्दीतच येतं," एल्डन म्हणाला.

सवयीने म्हणाला. त्या शेताबद्दल कुणी काही विचारलं की उत्तर त्यानेच द्यायचं, अशी इतक्या वर्षांची सवय. शब्द बाहेर पडले आणि मग त्याला कळलं. विल्मा तर गेली. फोनवरच्याला तुतीचं झाड सांगणारा माणूस त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. ट्रेव्हरने लहानपणापासून घरात "तुतीखालचं तोंड" ऐकलेलं. ते नकाशात नाही हे बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

एल्डनने लायलकडे पाहिलं. लायल मांडीवरच्या टोपीकडे पाहत होता, आणि त्याची मान लाल झाली होती.

मुलीने बोट वर केलं. बारा हजार नऊशे. लिलाववाला एल्डनकडे वळला. एल्डनजवळ अजून एक बोली होती. उठून चार शब्द बोलला असता तर सगळा हॉल त्याच्या बाजूने उभा राहिला असता, आणि उब्बेनांना या काउंटीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. राग त्याच्या कानशिलांत ठणकत होता. पण मघापर्यंत तो परक्याशी झुंजत होता, आणि आता फोनच्या पलीकडे शेजारी होता. शेजाऱ्यावर बोली चढवायची नाही, हे तो आयुष्यभर पाळत आला होता. लायलने मोडलं म्हणून त्याला मोडता येईना.

त्याने मान हलवली. "नको," म्हणाला.

बाहेर झोंबरा वारा होता. लोक येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले. शेवटी लायल आला. "वाईट झालं, एल्डन," तो म्हणाला. "या फोनवाल्यांचं काही सांगता येत नाही गड्या."

एल्डन गाडीची किल्ली शोधत होता. "तोंडावरच्या जाळीची बिजागरी मोडलीय," तो म्हणाला. "एप्रिलात पाणउंदीर आत शिरतात आणि नळी तुंबते. तार बांधावी लागते. दुहेरी बांधायची, एकेरी टिकत नाही."

"मला कशाला सांगतोस?"

"ज्यानं घेतली त्याला सांग. भेटेल तुला तो."

एल्डन गाडीत बसून निघून गेला.

जमीन कुणी घेतली ते ख्रिसमसच्या आधीच सगळ्यांना कळलं, आणि एल्डनसमोर कुणी अवाक्षर काढलं नाही. तोही खिडकीशी उभा राहून कॉफी पीत राहिला.

एप्रिलातल्या एका रविवारी चर्चला जाताना त्याने ओढ्याच्या पुलावर गाडी थांबवली. आर्डिसने का म्हणून विचारलं नाही. तुतीला कोंब फुटले होते. खाली तोंडाच्या जाळीला नवी तार चकाकत होती, दुहेरी.

"नीट बांधलीय," एल्डन म्हणाला, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. आर्डिस त्याची पाठ चोळत राहिली.

त्या दिवशी त्यांना चर्चला उशीर झाला. पहिली प्रार्थना होऊन गेली होती. दोघं हळूच आत आली आणि आपल्या नेहमीच्या बाकावर, उब्बेनांच्या मागे, जाऊन बसली.