आधीचा घास

डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्यासाठी कागदावर लिहून दिलं होतं: नाचणी, अंडी, मासळी, पालेभाजी, जेवण वेळेवर, चहा दोनच कप, दारू अजिबात नको. गोळ्या आणि दवाखान्यात येऊन त्यांच्याशी बोलणं चालू ठेवायचंच, पण पोटात अन्न गेलं तर झोप लागायला आणि मन सावरायला मदत होते, असं म्हणाल्या. कागद मी भिंतीला चिकटवला.

आमचे हे कासार आंबोली गावात एका बंगल्याच्या पायाचं खोदकाम करत होते. एका दुपारी खड्ड्याची कड ढासळली आणि ह्यांचा जोडीदार खाली गाडला गेला. हे वर होते, वाचले. तेव्हापासून पोकलेनचा आवाज आला तरी अंग थरथरायचं, आणि ताट पुढं आलं की घास उतरायचा नाही.

मी काय करायचं बाकी ठेवलं? माशाचं कालवण, नाचणीची भाकरी, उकडलेली अंडी. वाढायचे आणि पोलिसासारखी समोर उभी राहायचे. हे भाकरी मोडायचे, तुकड्याकडं बघत बसायचे, मग चहा मागायचे. कालवण मांजराला. दोन महिने हाच तमाशा. वजन उतरत चाललं, उपाशीपोटी गोळ्यांनी मळमळायचं. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मला रडू यायच्या ऐवजी संताप यायचा. ह्यांचा, त्या कागदाचा, माझा स्वतःचा.

एक दिवस ताट आपटलंच मी. "मला काय हौस हाय चुलीपुढं भाजून घ्यायची? का खात न्हाई, ते तरी सांगा."

हे म्हणाले, "तो म्हणला, तू डबा उघड, मी एवढी पाटी भरून येतो. मी वर आलो, भाकरी मोडली, अन् माती ढासळली. आता आधी जेवाय बसलो की त्योच दिसतोय."

आमच्या घरात गड्यांना आधी वाढायचं, बायका मागनं जेवणार. सासूबाईंची शिस्त, मीही कधी मोडली नाही. म्हणजे रोज दोन वेळा मीच ह्यांना एकट्याला, आधी, त्या खड्ड्याच्या काठावर नेऊन बसवत होते.

मी माझं ताट वाढून घेतलं आणि समोर बसले. लाज सोडली का काय, असं सासूबाई पुटपुटल्या. सोडली. मी भाकरी मोडून पहिला घास खाल्ला, मग दुसरा. हे बघत होते. तिसऱ्याला ह्यांनी तुकडा कालवणात बुडवला आणि तोंडात घातला.

"खारट झालंय," म्हणाले, आणि अजून एक तुकडा मोडला.