शंखपुष्पीची सहा रोपं

शंखपुष्पी आमच्या अकोल्याकडच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कोणी न पेरता उगवते. मुरमात, भर उन्हात. नखाएवढं निळं फूल, दुपारपर्यंत मिटून जातं. मी शाळेत असताना परीक्षेच्या दिवसांत आई तिचा पाला दुधात उकळून मला पाजायची. "पी, ध्यानात राह्यते," म्हणायची. माझ्या फारसं काही ध्यानात राहिलं नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढे आईचंच ध्यान जायला लागलं, तेव्हा मी तिला अमरावतीला माझ्याकडे आणलं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. तरी मी धुऱ्यावर जाऊन बी गोळा करून आणलं. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय! मुरमात फुकट उगवणारी ही बया कुंडीत मात्र नखरे करते. बी पॉलिश पेपरवर घासलं, कोमट पाण्यात भिजवलं, तरी पंधरा दिवस काही नाही. राग आला, तोही थोडाच वेळ. त्या दिवसांत मला कशाचंच फार वेळ काही वाटत नसे.

शेवटी सहा रोपं आली. अडीच महिन्यांनी एका सकाळी पहिलं फूल दिसलं. आई मला कधीपासून 'बाई' म्हणत होती. फूल पाहून तिला धुरा आठवेल, धुऱ्यावरून मी आठवेन, एवढाच माझा हिशेब. तिला कुंडीजवळ बसवून मी चहा ठेवायला आत गेले.

परत आले तर सहाही रोपं उपटलेली. आईनं जन्मभर वावरात तण उपटलेलं, निंदण केलेलं. रोपं पुन्हा जीव धरू नयेत म्हणून मुळं उन्हाकडे करून कठड्यावर ओळीनं ठेवली होती. मधेच आपोआप उगवलेल्या तुळशीचं पानही हललं नव्हतं. म्हणजे तिनं बरोबर ओळखलं होतं.

"माय, काहून उपटलं?"

"धुऱ्यावरचं पिकात आलतं, बाई. निंदून टाकलं." तिनं पदराला हात पुसले. "झालं माहं काम. जातो मी आता. घरी माही पोरगी वाट पाहून राहिली असन."

रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी कप तिच्या हातात दिला.

"चहा पी पहिले," मी म्हटलं. "पाहू दे तिले वाट. तिले सवय झाली."