आईच्या गालावरचा डाग

दहाव्याच्या फ्लेक्ससाठी वारलेल्या माणसाला देखणं करण्यात तळेगाव ढमढेऱ्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्नाच्या फोटोतल्या घोळक्यातून कुणाच्या आबांचं तेवढं डोकं उचलायचं, अंगात कोट चढवायचा, मागं निळं आभाळ लावायचं. सुरकुत्या तर इस्त्री फिरवल्यासारख्या जायच्या. घरचे खूश आणि मी त्यांच्याहून खूश.

आईच्या गालावर भाजल्याचा डाग होता, लहानपणी चुलीपाशी पडल्याचा. कॅमेरा दिसला की ती पदर ओढायची. म्हणून तिचा कुठलाही फोटो मी आधी साफ करायचो आणि मगच तिला दाखवायचो. मूळ फोटो ठेवायची अक्कल नव्हती. कॉम्प्युटर भरला की पुसून मोकळा. पहिला फोटो तिनं लांब धरून पाहिला.

"बाई झ्याक हाय. कुणाच्यातली म्हणायची?"

मी हसलो. मला ती शाबासकी वाटली.

पुढं केंदूरच्या एक आजी नवऱ्याचा फ्लेक्स छापायच्या आधी बघायला आल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "आमच्या मालकांच्या कपाळाला आठी व्हती की. ती कुठं गेली?" त्यांनी दिलेला फोटो अजून माझ्याकडं होता, म्हणून आठी परत आणता आली. आजींनी पडद्यावर बोट ठेवलं आणि त्या रडल्या. मला स्वतःची लाज वाटली. तेव्हापासून मी उजेड थोडा सावरतो आणि माणसाला हात लावत नाही. "काका, तुम्ही एडिटिंगच करत न्हाई," म्हणत पोरं यवतच्या स्टुडिओत जातात. जाऊ देत.

आईला जाऊन आता वर्ष होईल. साऱ्या पंचक्रोशीच्या लग्नांचे फोटो काढले, माझं लग्न तेवढं राहिलं. घरात आता मी एकटाच, आणि दुपार सरता सरत नाही. वर्षश्राद्धाला तिचा फोटो लावायचा होता, खराखुरा. सगळे उघडून पाहिले, एकातही डाग नव्हता; जुन्यांत मीच पुसलेला, नंतरच्यांत तिच्या पदराआड. माझ्याच आईचा एक फोटो माझ्याकडं नव्हता.

शेवटी म्हटलं, डाग आपणच परत रंगवू. रंग जुळवला, गालापाशी आलो आणि हात थांबला. जन्मभर तिच्यासमोर बसून जेवलो, पण डाग कानापर्यंत जायचा की अलीकडंच थांबायचा, ते आठवेना. विचारावं असं घरात कुणी नव्हतं.