गालाचं अस्तर, मूत्रमार्गाचं ऑपरेशन

"रिजेक्टेड. दातांचे उपचार पॉलिसीत नाहीत." गुरुवारी दुपारी एक वाजता विमा कंपनीचं हे उत्तर स्क्रीनवर आलं. ऑपरेशन होतं मूत्रमार्गाचं.

पेशंट इक्बालभाई, रत्नागिरीचे, इथे आखातात, सूक वाकिफ बाजारात मसाल्याच्या दुकानात कामाला. अपघातानंतर लघवीची वाट बंद झालेली. पोटातून मूत्राशयात नळी घालून बाहेर पिशवी लावलेली. हे ऑपरेशन करणारे सर्जन बाहेरून येतात, वर्षातून दोनदा. रविवार हुकला तर सहा महिने थांबायचं.

"ताई, सहा महिने ही पिशवी घेऊन काउंटरवर कसा उभा राहू? गिऱ्हाईक आधी पिशवीच बघतं," इक्बालभाई म्हणाले.

मी हॉस्पिटलमध्ये कोडर. डॉक्टर जे करणार, त्याचे ठरलेले नंबर विम्याला कळवायचे, हे माझं काम.

इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. मॅनेजर जोसेफसर बॅग भरत होते. "मॅडम, आज गुरुवार है. संडे को देखेंगे."

"सर, संडे को तो ऑपरेशन है."

"तो यल्ला, चलो, तीन बजे ऑफिस बंद होने तक ट्राय करो."

मी फॉर्म पुन्हा उघडला. या ऑपरेशनमध्ये गालाच्या आतलं अस्तर काढून मूत्रमार्गाला लावतात. सर्जनच्या नोटमध्ये आधी गाल, मग मूत्रमार्ग. मी त्याच क्रमाने कोड टाकले होते. विम्याचं सॉफ्टवेअर पहिली ओळ मुख्य ऑपरेशन धरतं. पहिल्या ओळीत तोंड, म्हणून दातांचा विभाग. चूक माझी.

ओळी बदलल्या, सर्जनकडून चार ओळींचं पत्र घेतलं, एक्स-रे जोडला. पण एकदा नाकारलेला फॉर्म सॉफ्टवेअर परत घेत नाही, माणूसच लागतो. माझ्या डायरीत विमा कंपनीच्या डॉक्टरांचे थेट नंबर आहेत. तिसऱ्याने फोन उचलला.

"मॅडम, मूत्रमार्गाच्या ऑपरेशनला तोंड कशाला?"

"डॉक्टर, पँटला ठिगळ लावायचं तर कापड कुठून तरी कापावं लागतं. हे गालातून कापतात. तिथलं अस्तर सतत ओलं राहूनही टिकतं."

ते मोठ्याने हसले. "पत्र मेल करा. फोन ठेवू नका."

पावणेतीनला स्क्रीनवर हिरवी अक्षरं आली: अप्रूव्ह्ड. मी टेबलावर हात आपटला. जोसेफसर बॅग खाली ठेवून टाळ्या वाजवू लागले.

रविवारी ऑपरेशन झालं. महिन्याभराने इक्बालभाई पिशवीशिवाय ऑफिसात आले. गाल थोडा ओढतो, म्हणाले, पण बिर्याणी जाते.

कॉम्प्युटर गोष्ट शेवटपर्यंत ऐकत नाही. मुख्य काम पहिल्याच ओळीत सांगून टाकावं.