जागल्यानं काऊन विचारलं

हेमचंद्राचा राग म्हनजे तुरीची दाळ. शिजाले येळ लागते, पन उतू गेली की चूल इझवूनच थांबते. संक्रांतीच्या आधीचा सोमवार होता. आदिलाबादजवळच्या बेल्यात, घरूनच काम कराले माकडटोपी घालून हा बावन्न वर्षांचा बाप्या लॅपटॉपसमोर बसला, आन् हैदराबादच्या त्याच्या कंपनीचं पत्र आलं. वाचलं, आन् बशीतले पोहे तसेच राह्यले.

पत्र असं होतं, आन् नक्कल कंपनीतल्या शंभर जनायले. शनिवारी सनाच्या गर्दीत बसतिकिटाची मशीन तीन तास बंद पडली, लोकं स्टँडवर ताटकळले. मशीन हेमचंद्रानं बंद केली. चूक कबूल करून उद्या चार वाजेपर्यंत सही धाडा. आन् सगळ्यात खाली एक ओळ होती, तुमचा 'जागल्या' नावाचा प्रोग्राम धोक्याचा हाये, तो काढून टाकनार.

"मी?" हेमचंद्र वरडला. "शनिवारी मी लॅपटॉपले हात बी नाही लावला!"

"मले कायले सांगता? त्यायले सांगा," चारुलता आतून म्हनाली. चारुलता त्याची बायको. शाळेत हिंदी शिकवते, सुट्ट्या होत्या म्हनून तिळाचे लाडू वळून राह्यली होती.

नोकरी जाईल याचं त्याले एवढं नवतं. जागल्याले हात लावला, हे झोंबलं. काऊन झोंबलं, ते समजाले जरा मागं जा लागते.

हेमचंद्र म्हनजे तहसिलीतल्या सुधाकरराव पेशकाराचा पोरगा. बेल्याची मराठी शाळा, मंग आदिलाबाद, मंग हैदराबाद. संगतीचे पोरं वेबसाइट बनवाले पळाले, अमेरिकेले पळाले. हा मेनफ्रेमच्या थंडगार खोलीत शिरला आन् सव्वीस वर्षं तिथंच रमला. मेनफ्रेम म्हनजे कपाटाएवढी दांडगी मशीन. याचं काम असं, की त्या एका मशीनीच्या पोटात शंभर खोट्या मशीनी मांडाच्या. परतेक खोटीले वाटते, हे सारं घर माह्यंच, दुसरं कोनी इथं राह्यतच नाही. धंद्यात मोठीले यजमान म्हनते आन् खोट्यायले पाहुने. कोन्या पाहुन्याले किती जागा, किती येळ, कोन कोनाच्या ताटात हात घालून राह्यला, हे सारं हेमचंद्र पाहे. चारुलता चारचौघात सांगे, "माह्या माहेरचे दोघं आले त यायच्या कपाळाले आठ्या. तिकडं शंभर पाहुन्यायले हातानं वाढते!"

अठरा वर्षांमागं एका ऑपरेटरनं भलताच पाहुना बंद केला, आन् लई गोंधळ झाला. तवा हेमचंद्र आन् त्याच्या जोडीचा इचोड्याचा गोपाल, दोघांनी चार महिने बसून एक प्रोग्राम लिहिला. पीक राखाले शेतात जो जागते तो जागल्या, तेच नाव ठेवलं. कोनी पाहुना बंद कराले गेलं की जागल्या आडवा होये, एक सवाल विचारे, जे उत्तर मिळंल ते कायमचं लिहून ठेवे, आन् मंगच बंद करू दे.

सवाल काय ठेवावा, त गोपाल म्हने, "काऊन, अशेच लिही ना बे! आपल्या दोघांशिवाय कोन पाहते?"

आन् इंग्रजी अक्षरांत टाकलं. के, ए, यू, एन. काऊन. कायले बंद करून राह्यले बापा, कारन सांगा.

गोपालनं पुढं नोकरी सोडली आन् इचोड्याले ढाबा टाकला. नवीन लोकं आले. आन् तवापासून हेमचंद्राचं डोकं फिराले लागलं, काऊन की जागल्याच्या वहीत कोनी कारनच लिहेना. नावं लिहित. "प्रीती! हे कारन होय? मशीन बंद काऊन केली, त म्हने प्रीती!" दोनदा त्यानं सगळ्यायले कडक सूचना धाडली, 'विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर लिहावे.' लोकांनी मान डोलवली आन् आडनावासकट पूर्न नाव लिहाले लागले. हेमचंद्रानं समजून घेतलं की आताची पिढीच आळशी हाये.

त आता त्या सोमवारी त्यानं शनिवारची वही उघडली. बसतिकिटाचा पाहुना, सकाळचे साडेदहा. जागल्याचा सवाल. आन् उत्तरात हेमचंद्र.

त्यानं तडक साहेबाले फोन लावला. साहेब म्हनजे प्रज्वल, हैदराबादेतच वाढलेला मराठी पोरगा, चौतीस वर्षांचा, बोलनं लोन्यासारखं.

"सर, मशीनवर तर सगळे एकाच ऑपरेटरच्या नावानं आत जातात," प्रज्वल म्हनाला. "म्हणजे पुरावा एकच, तुमच्या जागल्याची नोंद. आणि जागल्या खोटं बोलत नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

"तुले शिकवलं तेच चुकलं!" म्हनून यानं फोन आपटला.

मंग त्या घराची दुपार पाहाची होती! भाकर कडक, वरन आळनी, मांजर मधात आली, वायफाय मेलं, सारा दोष चारुलतेचा. संध्याकाळी तिनं लाडवाचं ताट याच्या पुढ्यात आदळलं.

"दाखवा काय हाये ते. का दिवसभर माह्यावरच भुकनार हाये?"

तिनं चष्मा लावला, पडदा वाचला. "बरं, मशीननं विचारलं 'कौन', आन् कोनीतरी तुमचं नाव लिहिलं."

"कौन नाही, काऊन!"

"काऊन कुठून? के, ए, यू, एन. कौन. पाचवीचं पोरगं बी कौनच वाचंल. कौन विचारलं त लोकं नाव नाही लिहिनार, त काय भाजीचा भाव लिहिनार?"

अठरा वर्षं. दोन कडक सूचना. चारुलता पदर तोंडाशी धरून खालीच बसली.

"हासू नको, चारू."

"मी कुठं हासून राह्यले! लोकं बिचारे इमानदारीनं नाव सांगत, आन् तुमी त्यायले आळशी म्हनत होते!" डोळे पुसत तिनं विचारलं, "मंग तुमी सोता काय लिहत होते?"

"कारन. दुसरं काय लिहिनार?"

बोलला, आन् लॅपटॉप आपल्याकडं ओढला. मंग त्यानं वही मागं मागं नेली. 'मेमरी भरली.' 'डिस्क बदलाची हाये.' 'पाहुना झोपला, उठून नाही राह्यला.' दोनशे अकरा नोंदी, साऱ्या बेल्याच्या बोलीत, साऱ्या त्याच्या ड्यूटीच्या दिवसाच्या. त्यात हेमचंद्र हे नाव एकदा बी नाही. नाव तोच लिहिनार ज्याले 'कौन' दिसलं. याले त ते सोमवार संध्याकाळपर्यंत कधी दिसलंच नवतं.

मंगळवारी दुपारी व्हिडिओवर सारे बसले. प्रज्वल, आन् त्याच्यावरच्या मोठ्या बाई शुभांगी. हेमचंद्रानं माकडटोपी बी काढली नाही.

"बाई, हे वाचा. मोठ्यानं वाचा."

शुभांगीबाईनं आठ-दहा नोंदी वाचल्या. 'उठून नाही राह्यला' आलं तवा त्यायले हसू आवरंना, पन दोन मिनिटांनी त्या गंभीर झाल्या. "शनिवारी साडेदहाला ड्यूटीवर कोण होतं?"

प्रज्वल समोरचे कागद चाळाले लागला.

"प्रज्वल?"

"मॅडम, मी होतो. पण मला वाटलं, मशीन विचारतेय की हा पाहुना कोण सांभाळतं. म्हणून सरांचं नाव..."

"वा रे!" हेमचंद्र गरजला. "त्याआधी एकूनचाळीस डाव तुले 'तू कोन' समजलं, तुनं तुह्यं नाव लिहिलं. मी मोजले! चाळिसाव्या डावाले बरं समज बदलली? आन् सोमवारी मी फोन केला, तवा तोंडात लाडू होता काय?"

शुभांगीबाई म्हनाल्या, पत्र मागं घेतो. पाच वाजता नवीन पत्र आलं. 'शनिवारची अडचण मानवी चुकीमुळे झाली. विषय संपला.'

"झालं की!" चारुलता म्हनाली. "जेवा आता."

"झालं कुठं?" त्याचा आवाज पुन्हा चढला. त्यानं उत्तर लिहिलं, आन् लिहिता लिहिता मोठ्यानं म्हनूनबी दाखवलं: "सोमवारी त तुमाले मानसाचं नाव मालूम होतं. शंभर जनायले धाडलं होतं. आज तो नुसता मानव काऊन झाला? नाव लिहा. आन् जागल्याचं काय, ते बी लिहा."

सातले तिसरं पत्र आलं, त्याच शंभर जनायले. मशीन प्रज्वलनं बंद केली, हेमचंद्राचा काही संबंध नाही, जागल्या राह्यनार, फकत सवाल इंग्रजीत करून द्यावा. हेमचंद्रानं ते दोनदा वाचलं.

"माफी मागतली काय?" चारुलतेनं ताट वाढता वाढता विचारलं.

"नाही."

"मंग?"

"मंग उद्या पुन्हा वापस धाडतो."